थंडाव्याची मालकी कुणाची?

दूधदराच्या आंदोलनात शेतकरी आपलेच दूध रस्त्यावर ओततो, हे दृश्य महाराष्ट्राने जुलै २०१८ मध्ये पाहिले आणि शहरी सुखवस्तू वर्गाने नासाडीबद्दल त्यालाच बोल लावले. ज्वारीवाला भाव पडला तर पोते घरात ठेवतो; दूधवाल्याला ती सवलत निसर्गाने दिलेली नाही. धारेचे दूध ३७ अंशांच्या आसपास असते. ते ४ अंशांपर्यंत लवकर निवले नाही, तर काही तासांत नासू लागते. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव करता येत नाही. दूधधंद्यातील पिळवणुकीचे हे एक मूळ आहे.

वेल्हे, भोर, मुळशीच्या डोंगरी वाड्यांत हे अधिक जाचते. बल्क कूलरला वीज हवी ती नेमकी धारेच्या वेळी. ती नसली की डिझेलचे जनित्र आले, आणि शे-दोनशे लिटरच्या वाडीला तो खर्च झेपत नाही. मग संध्याकाळचे दूध पडेल त्या दराने जाते किंवा घरातच विरजते.

यावर तोड निघालेली आहे. वीज असेल त्या तासांत गारवा साठवायचा आणि धार आली की तो दुधाला द्यायचा. हिशेब साधा आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणण्यास सुमारे ३० लागतात. म्हणजे ५०० लिटरला, गळती सोडता, दोनशे किलोच्या आत बर्फ पुरे. याच तत्त्वावरचे ग्रामीण दूध-शीतक प्रॉमेथियन पॉवर सिस्टिम्स या कंपनीने आपल्या पुण्यातच तयार केले. तेव्हा ‘तंत्र कुठे आहे?’ ही सबब आता कुणी सांगू नये.

खरा प्रश्न पुढेच आहे. ‘खाजगी डेअरी यंत्र बसवीत असेल तर बिघडले कुठे?’ असे आपल्यातलेही काही विचारतात. बिघडते ते असे की, ज्याची टाकी त्याचे दूध. पुष्टकाळात दर पाडला, फॅटला कात्री लावली, तरी गावात दुसरी टाकी नसते. थंडाव्याने दूध टिकेल, पण उत्पादक मात्र पूर्वीइतकाच बांधलेला राहील.

सहकाराची पाटी लावल्याने हे आपोआप टळत नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेला राज्य दूध महासंघ, आपला ‘महानंद’, डबघाईला आल्यावर २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती सोपवावा लागला. वरच्या इमारती कोसळतात तेव्हा खालचा पाया कुणाचा, हे महत्त्वाचे ठरते.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. शीतकासाठीचे सरकारी अर्थसाहाय्य गावच्या प्राथमिक दूध संस्थेलाच मिळावे. यंत्र तिच्या मालकीचे असावे. आणि धार काढणाऱ्या बाईचे नाव सभासदांच्या वहीत असावे. एका रात्रीचा थंडावा म्हणजे दुसरा गिऱ्हाईक शोधण्यास मिळालेली एक रात्र. दरवाढीच्या घोषणेला ही ताकद नसेल तर ती मंत्रालयाच्या पायरीवरच विरते. कार्यकर्त्यांनी येत्या पुष्टकाळापूर्वी आपापल्या तालुक्यातील प्रत्येक वाडीत एकच प्रश्न विचारावा : इथली टाकी कुणाची?