नाव नसलेला कारागीर

आमच्या काकूला कोणी विचारले, "पोरगा काय करतो?" तर ती सांगते, "कंपनीत केमिस्ट आहे." कोणत्या कंपनीत, हे ती सांगत नाही आणि विचारणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. माझा हा चुलतभाऊ गेली सात वर्षे दिंडोरीच्या बाजूला एका वाइनरीत काम करतो. आरंभी टाक्या धुणारा मदतनीस, मग प्रयोगशाळेत आणि आता मुख्य वाइनमेकरच्या हाताखालचा सहायक. काकू अगदीच खोटे बोलते असे मी म्हणणार नाही. काचेच्या नळ्या, आम्लता मोजण्याची साधने हे सारे तो रोज हाताळतोच. पण तिने खरे सांगायचे ठरवले तरी काय सांगावे? आपल्या भाषेत त्याच्या कामाला नाव नाही. कुंभाराला आहे, सोनाराला आहे, गुऱ्हाळावर चुलाणापाशी बसून काकवीचा रंग ओळखणाऱ्या गुळव्यालाही आहे. याला नाही. नाव नसले की लोक हाताला लागेल ते नाव देतात, आणि ते नाव म्हणजे 'दारूवाला'.

माझा काका, म्हणजे दादाचे वडील, दारूनेच गेला. हातभट्टीच्या. तेव्हा मी लहान होते. पण पहाटे काकूचा आवाज आणि ओट्यावर जमलेली माणसे मला आठवतात. हे घरचे दुःख इथे मांडण्याचे कारण एवढेच की, पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणी मला मद्यपानाची पुरस्कर्ती समजू नये. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्याबरोबर केवढा गदारोळ उठला! अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अडला. त्या वादात समर्थकांचा लाडका युक्तिवाद असा होता की, वाइन म्हणजे दारू नव्हेच. मला तो युक्तिवाद पटत नाही. ज्या पेयात शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क आहे ती दारू नव्हे, असे काकूसमोर उभे राहून सांगण्याची माझी हिंमत नाही. विरोधकांचा आवेश मला त्या मानाने अधिक समजतो. परंतु दोन्ही बाजूंच्या भाषणांत ती वाइन करणारा माणूस कुठेच नव्हता. एका बाजूला 'शेतकऱ्याचे हित' होते, दुसऱ्या बाजूला 'तरुण पिढीचा ऱ्हास'. मधल्या माणसाच्या हाताला काय येते, त्याच्या डोक्यात काय चालते, याची चौकशी कोणी केली नाही.

गेल्या फेब्रुवारीत परीक्षेआधीच्या सुट्टीत दादाबरोबर तीन दिवस मी ते काम पाहिले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी अशा मळ्यांवर येतात, छायाचित्रे काढतात, पेला उंच धरून सूर्यास्त पाहतात. त्यांना जे दिसते ते मला फारसे दिसलेच नाही. मला दिसले ते पाणी. टाकी धुवायची, नळी धुवायची, फरशी धुवायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. दादा हसून म्हणाला, "आमचा अर्धा धंदा धुण्याचाच." कारण साधे आहे. कोपऱ्यात राहिलेला थोडा रस आणि थोडी हवा एवढ्या भांडवलावर जंतू वाइनचा सिरका करून टाकतात. १८६३ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने लुई पाश्चरला वाइन का नासते ते शोधायला सांगितले आणि १८६६ मध्ये पाश्चरने त्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. दूध तापवून टिकवण्याच्या पद्धतीला आपण ज्याचे नाव देतो त्या माणसाने ही पद्धत आधी वाइनवर वापरली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

पण काम सुरू होते ते टाकीपाशी नव्हे, बागेत. मी निफाड तालुक्यातली, द्राक्षांच्या घरातली. मला वाटले होते बागेतले मला सगळे कळते. तिथे गेल्यावर सगळे उलटेच निघाले. आमच्या घरी थॉमसनची बाग. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून आम्ही घड जीएच्या द्रावणात बुडवतो, विरळणी करतो, मणी लांबट, टपोरा, बिनबियांचा हवा म्हणून जीव टाकतो. वाइनच्या द्राक्षाला फुगवण नको. मणी लहान, साल जाड, आत बी. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. काळ्या द्राक्षाचा रस पिळला तर तो जवळजवळ पाण्याच्या रंगाचा निघतो, हे मी तिथे प्रथमच पाहिले. तांबडी वाइन तांबडी होते ती सालीसकट आंबवल्यामुळे. वेलीवर माल कमी ठेवायचा, जास्त टनेजचा मोह धरायचा नाही, ही गोष्ट माझ्या वडिलांना सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी विषय बदलला.

शिवाय ही वेल आपल्याकडे परकी आहे. युरोपात ती हिवाळाभर झोपते आणि तिथला हंगाम साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचा. आपल्या हवेत तिला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वर्षातून दोनदा छाटायचे आणि पीक एकदाच घ्यायचे. फ्रेंच पुस्तकातले वेळापत्रक इथे उपयोगी पडत नाही. नारायणगावला शाम चौगुले यांनी १९८० च्या दशकात आणि नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आरंभ केला, तेव्हा परदेशी जाणकारांचा सल्ला घेतला गेला हे खरे. पण इथल्या छाटणीचे गणित इथल्याच माणसांनी बसवले. ती माणसे द्राक्षबागायतदारच होती. पुढे २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि आमच्या तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाले.

तोडणी केव्हा, हा वाइनमेकरच्या वर्षातला सर्वांत मोठा निर्णय. रिफ्रॅक्टोमीटरवर साखर दिसते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क होतो, तेव्हा तेवढ्यापुरता हिशेब सोपा. पण फेब्रुवारीत ऊन चढू लागले की साखर वाढते आणि आंबटपणा भराभर उतरतो. दोन दिवस थांबले तर वाइन बेचव, दोन दिवस आधी तोडले तर कच्ची. अशा वेळी दादाचे साहेब यंत्र खिशात टाकतात आणि ओळीतून चालत मणी तोंडात टाकतात. साल चावतात, बी हातावर काढून पाहतात. बी हिरवे की तपकिरी? दाताखाली कुरकुरते की चिकट लागते? मग तोडणी पहाटे, अंधारात, डोक्याला दिवे बांधून, द्राक्षे गार आहेत तोवर. आणि एकदा निर्णय झाला की वर्षभर दुरुस्ती नाही. कुंभाराचे मडके फुटले तर तो दुपारी दुसरे घडवतो. वाइनमेकर पंचविसाव्या वर्षी लागला आणि साठाव्या वर्षी थांबला, तर त्याच्या आयुष्यात पस्तीस हंगाम येतात. पस्तीसच. त्यातले काही अवकाळी पावसाने नेलेले, काही डावणीने.

मग आंबवणे सुरू होते, आणि त्या दिवसांत घरी जाणे नाही. रस आंबताना तापतो. पांढऱ्या वाइनची टाकी गार ठेवावी लागते, नाहीतर वास उडून जातो. तांबडीत साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा किंवा खालचा रस वर चढवून भिजवावा लागतो, रात्रीसुद्धा. आंबताना हवेपेक्षा जड असा कार्बन डायॉक्साइड निघतो. तो खाली साचतो, दिसत नाही. पूर्वी युरोपातल्या तळघरांत माणसे जळती मेणबत्ती घेऊन उतरत. ज्योत विझली की मागे फिरत. आता पंखे आहेत, मोजयंत्रे आहेत, तरी रिकाम्या टाकीत एकट्याने उतरायचे नाही हा नियम दादाने मला दोनदा सांगितला. आणि ज्याला लोक दारूवाला म्हणतात तो सकाळी उपाशीपोटी वीस नमुने तोंडात घोळवून वीसही थुंकतो. अत्तर लावीत नाही, तंबाखू खात नाही, नाशिकमध्ये राहून मिसळ खातो ती चव घेण्याचे काम आटोपल्यावरच.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याची ट्रॉली आली. चाळीसेक क्रेट असतील. माल नाकारला गेला आणि त्याच्या हातात चिठ्ठी पडली. तीवर इंग्रजीत दोन शब्द होते, 'ऑफ ॲरोमा'. तो माणूस चिठ्ठी उलटीसुलटी करीत उभा राहिला. वर्षाची मेहनत त्या दोन शब्दांत नापास झाली होती आणि ते शब्द त्याला वाचता येत नव्हते. भाव कमी करण्याची ही युक्ती आहे असेच त्याला वाटले, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. दादाने एक घड उचलून त्याच्या नाकाशी धरला. "बघा, भुरीचा वास आहे. कुबट. पावसाळ्यात आळंबी येतात ना, तसा." त्याने वास घेतला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खालच्या कोपऱ्यात होती भुरी. वाटलं, चालून जाईल." भांडण तिथेच मिटले. माल परत गेला, पण माणूस फसवला गेल्याची भावना घेऊन गेला नाही.

'कुबट' हा एक शब्द. मराठीत वासासाठी केवढे शब्द आहेत! कुबट, खवट, आंबूस, करपट, धुरकट, उग्र, उबट. आणि चांगल्या बाजूने खमंग, परिमळ, घमघमाट. असे असताना आमच्या वाइनच्या बाटलीवर काय छापलेले असते? गूजबेरी आणि ब्लॅककरंट. ही फळे दादाने जन्मात खाल्लेली नाहीत. तो ती पुस्तकातून पाठ करतो, जसे आपण परीक्षेसाठी वर्डस्वर्थची डॅफोडिल्स पाठ करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. 'डौलदार', 'भारदस्त' असली पोकळ विशेषणे टाकून वास ओळखीच्या वस्तूंच्या नावाने सांगावा, हा त्यांचा आग्रह. त्या चक्रात डबाबंद शतावरी आहे, स्ट्रॉबेरीचा मुरंबा आहे, चक्क ओला कुत्राही आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या आणि परसातल्या वस्तू त्यांनी घेतल्या आणि ते योग्यच केले. आपण मात्र त्यांची रीत न घेता त्यांच्या वस्तूच उचलल्या.

वस्तुतः आपल्याकडे काय कमी आहे? सोव्हिन्यॉं ब्लांमध्ये पिकल्या पेरूचा आणि ढोबळ्या मिरचीचा वास येतो, तो कवीकल्पना म्हणून नव्हे. पेरूत आणि मिरचीत जी वासाची द्रव्ये आहेत तीच या द्राक्षातही असतात. शिराझमध्ये मिऱ्याचा तिखट वास येतो, आणि तो ज्या द्रव्यामुळे येतो तेच मिऱ्यातही आहे, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. मिरे तर आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचे! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याचे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यातला मधु द्राक्षाच्या रसाचा, आणि तो कोणत्या प्रदेशातला यावरून त्याची नावेही वेगळी. जी भाषा सहा मद्ये वेगळी ओळखत होती तिची लेक आज एकाच शब्दात सगळे कोंबते. बंदी घालायची असली तरी कशावर घालतो हे कळायला नको का?

हे काम शास्त्र शाखेचे नाही, आपले आहे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. आपल्या मराठी विभागात बोलीभाषांचे शब्दसंग्रह होतात, लग्नातल्या गाण्यांचे होतात. छाटणी करणाऱ्या मजुराचे, तोडणीच्या बायांचे, टाकीवरच्या पोरांचे शब्द कोणी टिपले आहेत काय? दिंडोरी महाविद्यालयाच्या फाटकापासून लांब नाही. पिण्याची सक्ती कोणालाच नाही. मीही प्यायले नाही, वास मात्र भरपूर घेतला. त्या कारागिराला काय म्हणावे हेही मग सुचेल. 'आसवकार' असा एक शब्द मी दादाला सुचवला. तो म्हणाला, "औषधाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं." तेव्हा तो शब्द बाद.

परत आले त्या रात्री दादाही घरी आला होता. एक बिघडलेली बाटली त्याने मला दाखवायला आणली होती, बुचाच्या दोषाने वाइन कशी नासते ते कळावे म्हणून. काकू घरात वाइन येऊ देत नाही, म्हणून आम्ही पडवीत बसलो. त्याने बूच काढले. मी नाक खुपसून पाहिले, मला काहीच समजेना. द्राक्षाचा वास नाही एवढेच कळले. काकू आत भाकरी थापत होती. तिथूनच तिचा आवाज आला, "काय आणलंस रे हे? भिजलेल्या बारदानासारखा वास मारतोय."

दादाने माझ्याकडे पाहिले. "हेच," तो म्हणाला, "हेच ओळखायला साहेबांनी मला दोन वर्षं लावली." मग आत वळून म्हणाला, "आई, जरा इकडे ये ना."

"हातात पीठ आहे," काकू म्हणाली. पण थोड्या वेळाने ती दारापर्यंत आली.