तबकडी गोल की चौकोनी?

गेल्या डिसेंबरात आपल्या शाळेच्या वादसभेपुढे ‘स्मार्टवॉचची तबकडी गोल असावी की चौकोनी’ असा विषय ठेवण्यात आला होता. वस्तूचे रूप आणि तिचा उपयोग यांचा परस्परांशी काय संबंध असतो, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा, असा गुरुजनांचा त्यामागे हेतू असावा. प्रत्यक्षात दुसऱ्या वक्त्याचे भाषण संपण्यापूर्वीच सभेत दोन तट पडले, तबकडी बाजूस राहिली आणि ॲपल व सॅमसंग या दोन कंपन्यांची लढाई सुरू झाली. एका पक्षाने दुसऱ्यास ‘नकलाकार’ म्हटले, दुसऱ्याने पहिल्यास ‘नावाचे गुलाम’ म्हटले. दोन्हीकडचा आवेश पाहून या कंपन्यांचे भाग वक्त्यांच्या वडिलांच्या नावे असावेत, असा परक्याचा समज झाला असता. अखेरीस मतदान होऊन चौकोनी पक्ष विजयी झाला. गोल पक्षाला तो निकाल अद्याप मान्य नाही!

मी त्या सभेत बोललो नाही. जे सांगावयाचे होते ते त्या दिवशी नीट सुचले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

प्रथम मूळ विषयाकडे वळू; कारण तो वाटतो तितका पोरकट नाही. घड्याळाची तबकडी गोल का झाली? काटा एका टोकाशी खिळलेला असतो आणि दुसऱ्या टोकाने फिरतो. त्याची वाट वर्तुळाचीच असणार. त्याही पूर्वी सूर्याच्या छायेवरून वेळ पाहत, ती छायाही खुंट्याभोवती फिरे. उत्तर गोलार्धात ती ज्या दिशेने फिरते, तीच दिशा पुढे काट्यांनी उचलली. म्हणजे गोल तबकडी ही हौस नव्हे, ती काट्याची गरज आहे. परंतु स्मार्टवॉचवर आपण वेळेपेक्षा मजकूर अधिक पाहतो आणि मजकूर ओळींनी वाचावयाचा असतो. वर्तुळात ओळी बसविल्या की वरची व खालची ओळ आखूड होते. त्यातून आपली देवनागरी! तिला वर वेलांटी हवी, खाली उकार हवा, मध्ये जोडाक्षर हवे. आईचा दोन ओळींचा निरोप गोल पडद्यावर वाचताना अर्धे शब्द बोटाने खालून ओढून आणावे लागतात. २०१४ साली ‘मोटो ३६०’ नावाचे गोल स्मार्टवॉच निघाले, तेव्हा काही भाग बसविण्यास जागा हवी म्हणून त्याच्या पडद्याचा तळचा तुकडा काळाच ठेवावा लागला होता. गोलाईचा हट्ट धरला, पण पूर्ण गोल काही साधला नाही. येथवर चौकोनी पक्षाची बाजू मला पटते.

गोल पक्षाजवळही एक उत्तम मुद्दा होता. परंतु तो त्याच्या एकाही वक्त्यास सुचला नाही. सॅमसंगने २०१५ च्या ‘गिअर एस२’ या घड्याळात तबकडीभोवतीचे कडेच फिरविण्याची सोय केली होती. स्पर्शाने चालणारा पडदा बोटामुळे विद्युत्‌भारात होणारा सूक्ष्म बदल ओळखतो. पाण्याचा थेंब पडला तरी तसाच बदल होतो आणि पडदा गोंधळतो. आता हे घड्याळ पेडणे तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मनगटावर बांधा. जूनपासून चार महिने हात ओले, नंतर घामाने ओले, आणि मार्च-एप्रिलात काजूची बोंडे मळून रसाने चिकट! त्यास फिरणारे कडेच उपयोगी पडेल, आणि कडे फिरावयाचे तर तबकडी गोलच हवी. ॲपलने बाजूस फिरती किल्ली ठेवून हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. दोघांनाही आपापल्या परीने श्रेय आहे. पण काजूच्या रसाचा विचार या दोघांपैकी कोणी केला असेल, असे मला वाटत नाही.

स्पर्धेची निंदा करणे हा माझा हेतू नाही. आपल्याच देशाचे उदाहरण पाहा. ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. पुढील दोन दशके भारतीयाच्या मनगटावर जणू त्याच घड्याळाचा हक्क होता. १९८४ साली टाटा उद्योगसमूह आणि तामिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापिली. होसूरच्या तिच्या कारखान्याने क्वार्ट्झ घड्याळावर भर दिला. या घड्याळातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ते मोजूनच सेकंदाचा काटा पुढे सरकतो. चावी देण्याचे कारण उरत नाही. अशा घड्याळांस लागणारे इलेक्ट्रॉनिक भाग तयार करणारी टायटनची एक उपकंपनी आपल्या गोव्यातही होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. एचएमटीने क्वार्ट्झ घड्याळे काढली नाहीत असे नाही. परंतु तिचा जीव चावीच्या घड्याळात गुंतलेला राहिला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्याच वर्षी टायटनने ‘जक्स्ट’ हे आपले स्मार्टवॉच बाजारात आणले.

एक कंपनी हरली, दुसरी जिंकली. पण या लढाईत ग्राहकाचे काय झाले? माझे आजोबा डिचोली तालुक्यातील एका खाणीवर नोकरीस होते. पाळीवर वेळेत पोहोचण्यासाठी त्यांनी घेतलेले एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ आजही त्यांच्या उशाशी चालू असते. कारखाना बंद झाला, घड्याळ बंद झाले नाही. बाबांनी पुढे टायटन घेतले, म्हणून घरातील दुसरी कोणतीही वस्तू त्यांना बदलावी लागली नाही. दोन्ही घड्याळांना पट्टा एकाच दुकानात मिळे आणि दोन्हींचे पाठीमागचे झाकण एकच घड्याळजी उघडीत असे. स्पर्धा कंपन्यांमध्ये होती. तिची कुंपणे आमच्या घरात आली नव्हती.

आजची स्पर्धा ती कुंपणे घालते, आणि माझा आक्षेप नेमका तेथे आहे. ॲपलचे घड्याळ वापरावयाचे तर आयफोनच हवा. सॅमसंगची जुनी घड्याळे आयफोनशी जुळत असत. २०२१ च्या ‘गॅलेक्सी वॉच ४’ पासून तीही सोय गेली. म्हणजे मनगटावर काय बांधावे, हे खिशातील फोन ठरवितो. ही जातिव्यवस्था कंपन्यांनी स्वतःच्या लाभासाठी निर्माण केली, हे समजू शकते. आपण तिचे अभिमानी व्हावे, हे समजत नाही.

‘पेबल’ची कथा याहून उद्बोधक आहे. २०१२ साली लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमवून हे चौकोनी, साधेसुधे घड्याळ जन्मास आले. त्याचा पडदा कागदासारखा उन्हात वाचता येई, एकदा भारित केले की ते आठवडाभर चाले, आणि फोन कोणाचाही असो, ते त्याच्याशी जुळे. तुलनेने २०१५ च्या पहिल्या ॲपल घड्याळाची बॅटरी सुमारे अठरा तासांची होती. परंतु पेबल स्पर्धेत टिकले नाही. २०१६ च्या अखेरीस फिटबिटने त्याचा कारभार विकत घेतला, जून २०१८ अखेर त्याच्या सेवा बंद केल्या, आणि २०२१ मध्ये फिटबिटच गूगलच्या पोटात गेली. हजारो लोकांच्या मनगटावरील धडधाकट घड्याळे एका कचेरीतील निर्णयाने अपंग झाली. काही हौशी तंत्रज्ञांनी आपल्या बळावर ती चालू ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, तेव्हा कोठे तिचा वनवास संपला.

या घड्याळांचे गुण मी नाकारीत नाही. त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून, रक्ताने तो किती शोषला यावरून नाडीचे ठोके मोजण्याची युक्ती विलक्षण आहे. २०१८ मध्ये ॲपलने मनगटावर हृदयाचा आलेख काढून दाखविला आणि सॅमसंगला स्वस्थ बसता येईना. दोन वर्षांत तिनेही ते साधले. ही स्पर्धा लोकांच्या हिताची झाली. परंतु रक्तातील प्राणवायू मोजण्याच्या तंत्रावरून ॲपल आणि मासिमो या कंपन्यांत जुंपली, तेव्हा जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या ॲपल घड्याळांतून ती सोय काढून टाकावी लागली. वाद दोघांचा, तोटा तिसऱ्याचा!

आता वादसभेतील एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते. एका वक्त्याने पुढच्या बाकावरील आमच्या एका वर्गमित्राकडे बोट दाखवून, ‘आणि हे पाहा तिसऱ्या पक्षाचे घड्याळ!’ असे म्हटले. त्याचे घड्याळ दीडएक हजार रुपयांचे, रूपाने ॲपलसारखे, नाव कोणी न ऐकलेले. सभा हसली. मीही हसलो. त्याच्या वडिलांनी ते हप्त्याने घेतले होते, हे मला नंतर कळले. मतदानाच्या वेळी त्याने हात वर केला तेव्हा बाही मनगटाच्या खाली ओढलेली होती.

पुढील वर्षी गुरुजनांस विषय हवा असेल, तर मी एक सुचवितो: ‘जे घड्याळ घड्याळजीस उघडता येत नाही, ते विकत घ्यावे काय?’ हा प्रश्न माझ्या एकट्याच्या डोक्यातील नाही. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीविषयी कायदा करून, लहान उपकरणांतील बॅटरी बदलता आली पाहिजे, यासाठी फेब्रुवारी २०२७ पासूनचे बंधन घातले. पाण्यात वापरावयाच्या वस्तूंस त्यात काही सवलत आहे. पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांची वसाहत उभारण्याची गोष्ट आपण कित्येक वर्षे ऐकत आहोत. आज वादसभेत टाळ्या पिटणाऱ्यांपैकी कोणी उद्या तेथे घड्याळाचा आराखडा काढावयास बसला, तर त्याने गोल-चौकोनाची चिंता खुशाल मागाहून करावी. झाकणास चार स्क्रू मात्र आधी ठेवावेत.

फेब्रुवारीत त्या मित्राचे घड्याळ बंद पडले. मी त्यास घेऊन डिचोलीच्या बाजारात आजोबांच्या घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्यास भिंग लावून ते चारही बाजूंनी निरखले, नखाने कडा चाचपून पाहिली आणि भिंग काढून ठेवले. ‘बाबू,’ ते म्हणाले, ‘हे उघडतात कुठून तेवढे सांग, पुढचे मी बघतो.’