भरलेला डबा परत आला तेव्हा...

श्रावणातली गोष्ट. माझा धाकटा सातवीत आहे. सलग तीन दिवस त्याचा डबा जसाच्या तसा परत आला. पहिल्या दिवशी वाटलं, भाजी आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या आवडीची मटकीची उसळ दिली, तर तीही परत. तिसऱ्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचारलं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आई, मी शाळेत काही खाणारच नाही. बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं."

झालं होतं असं, की विज्ञानाच्या तासाला संतुलित आहाराचा धडा चालू होता. बाईंनी वेफर्स, बिस्किटं, कोल्ड्रिंकचे तोटे सांगितले आणि उदाहरण म्हणून याला उभं केलं. "पाकिटातलं खाल्लं की असं होतं बघा!" वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'ढोल्या' झालं होतं. आणि मग सगळे मित्र गेटबाहेरच्या टपरीवर वेफर्स घ्यायला पळाले!

मैत्रिणींनो, आधी मला बाईंचा भयंकर राग आला. पण रात्रभर डोळा लागला नाही, त्याचं कारण वेगळंच होतं. हा लहानपणी बाळसेदार, म्हणून सगळ्यांना केवढं कौतुक! "खात्यापित्या घरचं पोर दिसतंय हो," असं कुणी म्हटलं की सासूबाई लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, उंचीच्या मानाने वजन जास्त आहे. आम्ही "वाढत्या अंगाचा आहे, उंच झाला की आपोआप उतरेल," म्हणून सोडून दिलं. शाळा सकाळी सातची. घाई झाली की डब्यात नूडल्स, नाहीतर हातावर दहा रुपये. शाळा चालत पंधरा मिनिटांवर, तरी गाडी लावलेली. संध्याकाळी ट्यूशन, मग मोबाइल. म्हणजे धड्याच्या उलट शिकवण आम्ही घरात रोज देत होतो.

जाडेपणा हे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं, असं आपण धरून चालतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. आकडा लहान वाटेल, पण पाच वर्षांत तो दीडपट झाला आहे. त्याच सर्वेक्षणात ३२.१ टक्के मुलं कमी वजनाची आहेत, हेही विसरून चालणार नाही. आणि २०२५ मध्ये युनिसेफने सांगितलं, की ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा जगात पहिल्यांदाच जास्त झालं आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एकाच बाकावर हाडं दिसणारा एक आणि दम लागणारा दुसरा असे दोघं बसतात. गंमत म्हणजे दोघांच्याही हातात पाच रुपयांचं तेच पाकीट असतं.

मग शाळेत आहारशिक्षण नको का? हवंच हवं. पण ते कसं, हा माझा प्रश्न आहे. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं माझ्या मुलाला तोंडपाठ होती. जीवनसत्त्व 'अ' कशात असतं, हे तो झोपेतसुद्धा सांगेल! पण शाळेत वाढदिवसाला चॉकलेटं वाटतात, बक्षीस म्हणून बिस्किटांचा पुडा देतात, परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. पोषण आहाराची खिचडी शाळेतच शिजते. सहावी ते आठवीच्या मुलांना त्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. पण आमच्यासारख्या घरातल्या मुलांना ती 'आपल्यासाठी नाही' असं वाटतं, आणि आपणही तसंच वाटू देतो. मुलं पुस्तकातलं लिहितात आणि डोळ्यांना दिसतं ते खातात.

नियमांची तर आपल्याकडे कमी नाही. राज्य सरकारने मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहात जंक फूड नको, असं सांगितलं. २०२० च्या केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. आमच्या शाळेबाहेरची टपरी मी पावलांनी मोजली. वीस पावलं! २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं, म्हणजे कुठल्या पदार्थात किती साखर आणि मुलांनी किती खावी, ते भिंतीवरच दिसेल. आपल्या गावातली बहुतेक मुलं राज्य मंडळाच्या शाळेत आहेत. पण मंडळ बदललं म्हणून साखर थोडीच बदलते?

चौथ्या दिवशी मी शाळेत गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. पण मी सांगितलं तेव्हा बाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "ताई, माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. साठ मुलांचा वर्ग, धडा संपवायचा असतो, पटकन समोर दिसलं ते बोलून गेले." मग हळूच म्हणाल्या, "माझी मुलगीही तशीच आहे." त्यानंतर आम्ही दोघी स्टाफरूमच्या बाकावर बराच वेळ बोलत बसलो. त्यातून एक साधी गोष्ट ठरली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सगळ्या मुलांना रिकामी पाकिटं आणि बाटल्या आणायला सांगितल्या. मी घरून साखरेचा डबा आणि चमचा नेला. पाकिटामागचे बारीक आकडे मुलांनीच मोठ्याने वाचायचे आणि तेवढी साखर कागदावर काढायची. कोल्ड्रिंकच्या पाव लिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर निघाली! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. दोन हजार कॅलरी धरल्या, तर पाच टक्के म्हणजे तेच २५ ग्रॅम. एक बाटली प्यायली, की दिवसाचा कोटा संपला. साखरेचा तो ढीग बघून वर्ग गप्प झाला. कुणालाही उभं करावं लागलं नाही. बारीक मुलांनीही मोजलं आणि जाड्या मुलांनीही मोजलं, कारण साखर दातांना, रक्ताला सगळ्यांचीच सारखी लागते.

मला म्हणायचंय ते एवढंच. आहाराचा धडा वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी असू द्या, एका जाड मुलाकडे बोट दाखवून नको. लाजवलेलं मूल एकतर जेवण सोडतं, नाहीतर चोरून खातं. वजन करायचंच असेल तर एकेकट्याचं करा, आकडा फक्त आई-वडिलांना सांगा. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी शेंगदाण्याची चिक्की किंवा पेरू चालतो का, हे पालकसभेत विचारा. खेळाचा तास गणिताला दिला तर विचारा, की का दिला. टपरीवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण त्याने भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं कणीस, काकडी ठेवली तर मुलं तेही घेतील. पालकसभेला बहुतेक आपण आयाच जातो. मार्कांखेरीज दुसरं काही विचारायला कुणाची बंदी आहे का?

घरी मी आता दहा रुपये देणं बंद केलंय. गाडीही सोडली. आम्ही दोघं सकाळी चालत जातो, त्या निमित्ताने माझंही चालणं होतं. धाकट्याचं वजन लगेच काही उतरलेलं नाही आणि मीही रोज काट्यावर उभं करत नाही. पण त्याचा डबा आता रिकामा परत येतो. परवा सासूबाईंच्या चहात साखर घालताना तो म्हणाला, "आजी, तुझे दिवसाला किती कप होतात गं? मोजू या का?" सासूबाई डोळे वटारून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "मोज बाबा, पण तुझ्या आईचेही मोज!"