नाडीपरीक्षा

शीर्षक वाचून हा लेख आयुर्वेदावर असावा असा कुणाचा समज होईल. तसे काही नाही. वैद्यबुवा पाहतात ती मनगटाची नाडी. मला लिहावयाचे आहे ते बुटाच्या नाडीविषयी. वार्षिकाच्या पानांवर साहित्य, समाज, बेकारी, स्त्रीमुक्ती अशा भारदस्त विषयांची पंगत बसलेली असताना त्यात ही नाडी कुठून शिरली, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना पडणे साहजिक आहे. पण विषय लहान असला म्हणून त्यापायी होणारा त्रास लहान नसतो. बुटातला खडा डोंगराएवढा नसतो, तरी चालणे तोच थांबवतो!

आपले कोल्हापूर हे पायाची कदर करणारे गाव आहे. आपल्या चपलेने गावाचे नाव सातासमुद्रापार नेले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा या बड्या कंपनीने मिलान शहरातल्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल मिरवली, पण मूळ गावाचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण सगळे केवढे संतापलो होतो! पण या चपलेची एक गंमत आहे. तिला नाडी नाही. नवी असताना ती चावते, करकरते; मग आपण तिला तेल पाजतो, चार दिवस घरातल्या घरात वापरतो, आणि हळूहळू कातडेच पायाचा आकार घेते. म्हणजे चप्पल पायाला शरण येते. बुटाचे तसे नाही. बूट चारी बाजूंनी बंद आणि ताठ. त्याला पायाशी जुळवून घ्यायला लावणारी एकच वस्तू त्याच्यापाशी आहे, ती म्हणजे नाडी. ती नीट ओवली, नीट ओढली तर बूट मित्र; नाही तर दिवसभराचा सासुरवास!

आता कुणी म्हणेल, नाडी बांधायला काय शिकायचे? ते तर बालवाडीतले पोरही करते. इथेच माझे मत वेगळे आहे. ज्या घरात दोन पिढ्या बूट घालून कचेरीत गेल्या, तिथे बाप मुलाला नाडी बांधायला शिकवतो. ते शिक्षण झाल्याचे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि नाडीचे बूट घातलेलाही मीच पहिला. वडिलांच्या पायाला चिखल, ऊस आणि वहाण ठाऊक. बैलाच्या गळ्यातले जोते किती आवळावे, किती सैल ठेवावे, हे त्यांना डोळे मिटून कळते. पण बुटाच्या बारा भोकांपुढे तेही गप्प बसतात. माझ्यासारखी कितीतरी मुले-मुली आज एन.सी.सी.च्या परेडला, पोलीस भरतीच्या सरावाला, फुटबॉलला आणि मॅटवरच्या कुस्तीला उतरतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. या धावण्यावर कुणाच्या घरची चूल अवलंबून असते. अशा वेळी पायाला मुंग्या येऊन कुणी मागे पडला, तर त्याला 'दम नाही' असे म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशाच त्रासापायी परेड सोडली. त्याच्या दमात काही कमी नव्हते. पायाच्या वरच्या बाजूला नाडीचा फास बसत होता, आणि तो सोडवायला कुणी सांगितले नाही.

हा फास कसा बसतो, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या एका पायात २६ हाडे असतात. तळव्याला मांसाची गादी असते, पण पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे, कातडीखाली फारसे मांस नाही. तिथून बोटे वर उचलणाऱ्या शिरा, म्हणजे स्नायूंचे दोर जातात; एक रक्तवाहिनी जाते (बोट ठेवले तर तिथेही ठोका लागतो, म्हणजे खरोखरच नाडीपरीक्षा!), आणि बोटांकडे जाणारी संवेदनेची तंतुवाहिनीही जाते. बुटाची नाडी नेमकी यांच्यावरून आडवी जाते. ती जास्त आवळली की आधी ठणका, मग मुंग्या, मग बधिरपणा. उलट भीतीने ती सैलच सोडली, तर पाय बुटात पुढेमागे घसरतो. टाच घासून फोड येतात आणि बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. तेव्हा 'घट्ट की सैल' हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठे घट्ट आणि कुठे सैल, हा खरा प्रश्न.

आपली नेहमीची रीत काय? बुटात पाय कोंबायचा, वरची दोन टोके धरायची आणि जोर लावून हिसका मारायचा. आता नाडी भोकाभोकातून घासत जाते. त्या घर्षणामुळे वरचा हिसका खालपर्यंत पोचतच नाही. वरच्या दोन-तीन फेऱ्या तेवढ्या आवळतात आणि खालचा भाग ढिला तो ढिलाच. मग पाय हलतो म्हणून आपण आणखी हिसका मारतो, आणि दुखणे ओढवून घेतो.

दुसरे कारण आपल्या गरिबीत आहे. वाढत्या अंगाचे कपडे घेतात तसे आपल्याकडे वाढत्या पायाचे बूट घेतात. दोन वर्षे टिकावेत म्हणून आई-वडील एक नंबर मोठा घेतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण मोठा बूट नाडी आवळून लहान होत नाही. फक्त वरचे कातडे दुमडून पायात रुतते. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, त्याहून जास्त नको. आणि बूट घ्यायला शक्यतो संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजलेला असतो. सकाळी बसणारा बूट संध्याकाळी काचतो.

तर नीट रीत अशी. आधी सगळी नाडी खालपर्यंत सैल करावी. सैल न करता पाय कोंबू नये. बुटाची जीभ मधोमध सरळ करावी. खाली बसून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटावी, म्हणजे ती मागे चिकटून बसते. मग खालून वर, एकेक फेरी ओढत यावे. बोटांजवळच्या पहिल्या दोन फेऱ्या सैलसर, बोटे आत हलली पाहिजेत. पाय जिथे घोट्यापाशी वळतो तिथे पकड हवी, कारण टाच मागे धरून ठेवण्याचे काम तीच जागा करते. बूट घोट्याच्या वर जाणारा असेल तर तिथे पुन्हा थोडी ढील द्यावी; एक बोट आत गेले पाहिजे आणि गुडघा पुढे वाकला पाहिजे. बर्फावर स्केटिंग करणारे खेळाडू आपला ताठ बूट असाच तीन हिश्श्यांत बांधतात : बोटांशी सैल, वळणाशी घट्ट, वर मोकळा. चाकांच्या स्केट्सचा सराव करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही हाच नियम लागू आहे.

एखादी ठरावीक जागाच दुखत असेल, तर त्या जागेवरून नाडी आडवी नेऊच नये; त्याच बाजूच्या वरच्या भोकात सरळ ओवावी आणि पुढे नेहमीप्रमाणे तिरकी न्यावी. दुखऱ्या जागेला खिडकी मिळते. टाच निसटत असेल, तर शेवटच्या दोन भोकांत त्याच बाजूला एक लहान फास करावा आणि समोरच्या नाडीचे टोक त्यातून ओवून मग ओढावे. अरुंद टाचेच्या मुलींना याचा विशेष उपयोग होईल. दहा मिनिटे चालून झाल्यावर एकदा थांबून नाडी पुन्हा जुळवावी. आणि नाडी सैल करूनही बधिरपणा वा सूज जात नसेल, तर फुशारकी न मारता डॉक्टरांना दाखवावे.

राहिली गाठ. गाठ मारल्यावर फुलाची दोन्ही पाने बुटावर आडवी पडली तर गाठ पक्की. पायाच्या दिशेने उभी राहिली तर ती कच्ची. पहिला वेढा उलट्या बाजूने घेतला की काम होते. हा पोरखेळ वाटेल, पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी २०१७ साली चालत्या-धावत्या पायातली गाठ का सुटते याचा खास अभ्यास केला. पाऊल आपटताना गाठ सैल होते आणि नाडीची हलणारी टोके तिला ओढून काढतात, असे त्यांना आढळले. पोल्स्टर नावाच्या ऑस्ट्रेलियातील गणितज्ञाने तर २००२ साली सहा जोड भोकांत नाडी ओवण्याचे जवळजवळ दोन लाख कोटी प्रकार मोजून दाखवले, आणि बळकटीत आपली नेहमीची तिरकी फुली वरच्या क्रमांकात बसते असे सिद्ध केले. विद्वानांना ज्या विषयाची लाज वाटली नाही, त्याची आपण का बाळगावी?

यावर एक आक्षेप हमखास येतो. "आम्ही अनवाणी वाढलो, आम्हाला काय झाले? सोसायला शिका." अनवाणी पायांबद्दल मला आदरच आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या २-१ ने हरले. पण १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्यावर १० गोल चढवले, आणि त्यानंतर बुटांशिवाय गत्यंतर नाही हे देशाने मान्य केले. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी राहिलेले खाशाबा जाधव कांस्यपदक जिंकले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाने गादीवरची कुस्ती आपलीशी केली म्हणूनच ते घडले. मातीत पैलवान अनवाणी लढतो. मॅटवर त्याला घोट्यापर्यंत नाडीचा बूट घालावा लागतो. काळ बदलला की पायातले बदलते, आणि पायातले बदलले की शिकावे लागते.

शिवाय 'सोसा' हा आपल्या तालमीचा धर्म कधीच नव्हता. खासबागेच्या या गावात कुठलाही वस्ताद नव्या पोराला थेट आखाड्यात ढकलत नाही. आधी लंगोट कसा कसायचा ते दाखवतो, कारण सैल लंगोट घात करतो आणि अति कसलेला जाचतो. फेटा बांधणाराही तेच सांगेल : सैल बांधला तर घरंगळतो, आवळला तर कपाळ ठणकते. म्हणजे नेमके बांधणे ही आपल्याकडे मानाची विद्या आहे. डोक्याच्या फेट्याला गुरू लागतो, मग पायाच्या बुटाला का नको?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. जिमखान्याने दर जूनमध्ये, संघ निवडण्यापूर्वी, एक तास फक्त बुटांसाठी द्यावा. एखाद्या जुन्या खेळाडूने किंवा एन.सी.सी.च्या ज्येष्ठ कॅडेटने मुला-मुलींना समोर बसवून नाडी ओवायला, जुळवायला आणि गाठ मारायला शिकवावे. खर्च शून्य. ज्याला येते त्याचा तास फुकट जाईल, हे खरे; पण ज्याला घरी कुणी शिकवणारे नव्हते, त्याचे वर्ष वाचेल. आणि मैदानावर मध्येच खाली बसून नाडी सोडणाऱ्या मुलाला हसण्याची आपली सवयही त्याच तासाला सोडून द्यावी.

आमच्यासारखी मुले कॉलेजात येतात तेव्हा पुस्तकात नसलेल्या अशा कितीतरी गोष्टी त्यांना येत नसतात, आणि विचारायची लाज वाटते. ग्रंथालयाचे कार्ड कसे भरायचे, व्यासपीठावर कसे उभे राहायचे, बुटाची नाडी कशी बांधायची. महाविद्यालयाने या गोष्टी गृहीत धरल्या, की आमच्यातले काही जण गुपचूप गळतात, आणि गळाल्याची नोंद मात्र 'गैरहजर' अशी होते. ती नोंद करण्यापूर्वी एकदा त्यांच्या पायांकडे पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा