गोबरगॅसचा धंदा तालुक्यात रुजावा

मुंबईची उपनगरे आणि खेड्यातील चूल ह्यांचा संबंध काय, असा प्रश्न पुष्कळांस पडेल. हा संबंध जुना आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची मुख्य कचेरी विलेपार्ल्यास इर्ला येथे आहे आणि आयोगाचे गोबरगॅस संशोधन केंद्र बोरिवलीच्या कोरा केंद्रात चालविले गेले. जशभाई पटेल ह्यांनी १९५६ साली तयार केलेला तरंगत्या लोखंडी टाकीचा नमुना आयोगाने पत्करला व तो देशभर पोहोचविला.

ह्या संयंत्राचा हिशेब सोपा आहे. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून दिवसाला एक घनमीटर गॅस मिळतो. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते व पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. शेणात तितकेच पाणी कालवावे लागते. गॅस निघून गेल्यावर उरणारी मळी शेतास उत्तम खत होते. गोवरी जाळली म्हणजे ह्या खतास शेतकरी मुकतो.

इतका लाभ असूनही अनेक संयंत्रे बंद पडलेली दिसतात. ह्यात दोष शास्त्राचा नाही. लोखंडी टाकी गंजते. तिला वेळच्या वेळी रंग व डागडुजी लागते. हे टाळण्यासाठी १९८४ साली दीनबंधू नमुना पुढे आला. त्यात विटांचा घुमट असतो, लोखंडी टाकी नसते. परंतु घुमटास बारीकशी चीर गेली तरी गॅस निसटतो. पहिल्या नमुन्यास कुशल लोहार हवा, दुसऱ्यास कुशल गवंडी. नमुना बदलला तरी कारागिराची गरज टळत नाही.

शहरातील कारखान्यात तयार टाक्या स्वस्त व लवकर होतात, असे कोणी म्हणतील. त्या जरूर याव्यात. परंतु नळीत पाणी साचले किंवा शेगडी बिघडली, तर शेतकऱ्याने दुरुस्तीसाठी शहर गाठावे काय? आठ दिवस गॅस बंद राहिला की घरची बाई पुन्हा सरपणाकडे वळते आणि संयंत्र कायमचे विसरले जाते.

म्हणून किती संयंत्रे बांधली ह्यापेक्षा तीन वर्षांनंतर किती शेगड्या पेटतात, ह्यावर कामाचे माप घ्यावे. बांधणाराच्या मजुरीचा काही भाग पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवणे योग्य ठरेल. प्रत्येक तालुक्यात निदान दोन गवंडी व एक लोहार ह्या कामात तयार व्हावेत. सुटे भाग बाजाराच्या गावी मिळावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने संयंत्र सुचविण्यापूर्वी गोठ्यातील जनावरे मोजावीत, उन्हाळ्यातील पाण्याची चौकशी करावी आणि दुरुस्ती कोण करणार हे नक्की करावे. दुरुस्त करणारा गावाजवळ असेल, तरच हा उद्योग टिकेल.