हेराल्डचे इंजिन बदलले म्हणून

मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ब्रिटनची ट्रायम्फ. सुरुवातीचे इंजिन अवघे ९४८ सीसीचे. मडगार्डांसकट अख्खे बॉनेट पुढे कलले की मिस्त्रीचा हात कुठेही पोहोचावा, अशी ही देखणी रचना. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी दिली, हे चांगलेच झाले. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यातून वगळली, आणि हे मला अन्यायाचे वाटते. हेराल्डचे उत्पादन थांबल्यावर मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेत विलायती सुटे भाग मागवण्याची ऐपत किती जणांची होती? हाताशी असेल ते इंजिन बसवले, म्हणून तर अशा गाड्या भंगारात गेल्या नाहीत.

मूळ रूप गेले तर ऐतिहासिक मोल कसले, असा आक्षेप येईल. पण ती दुरुस्तीही आपल्या कारागिरीचा इतिहासच आहे. सुरक्षितता आणि धूर यांची काळजी मात्र रास्त आहे. त्यासाठी ब्रेक, स्टिअरिंग आणि धुराची कडक तपासणी करावी, बदलाची नोंद आरसी बुकात घ्यावी आणि अशा गाड्यांना वेगळा वर्ग द्यावा.