मुलांचं आहे, चालतंय की

हा लेख फोनवर वाचत असाल तर 'लसूण' या शब्दातला ल जरा मोठा करून बघा. दोन पाकळ्यांचा ल दिसतोय, की उजवीकडे उभा दंड असलेला? दंडाचा असेल तर ते हिंदी वळण. तुमचंआमचं त्यानं काही अडत नाही, आपण दोन्ही वाचतो. पण मी ज्या ॲपवर काम केलं, त्यात पाच वर्षांची मुलं याच ल पाशी अडली. आणि ती तक्रार 'बग नाही' असा शेरा मारून मीच बंद केली होती.

ॲप मराठी मुळाक्षरांचं होतं. डिझाइनच्या बैठकीत पाऊण तास पिवळा रंग कोणता घ्यायचा यावर गेला आणि फॉन्ट पाच मिनिटांत ठरला. गुबगुबीत, गोल टोकांचा, 'क्यूट'. कुणीतरी 'अ ब क' टाइप करून पाहिलं, गोड दिसलं, झालं. 'अ ब क'मध्ये ना ल, ना श, ना एक जोडाक्षर. पुढे एका अंगणवाडीताईंचा मेसेज आला: मुलं तक्त्यावरचा ल ओळखतात, तुमच्या ॲपमधला ओळखत नाहीत. मी उत्तर दिलं की युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे, त्यामुळे दोन्ही ल एकच आहेत. अगदी बरोबर उत्तर. आणि अगदी मूर्खपणाचं.

क्रमांक एक असला तरी आकार फॉन्ट ठरवतो. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श ची दोन्ही वळणं काढलेली असतात आणि 'हा मजकूर मराठी आहे' असं कोडमध्ये सांगितलं की मराठी वळण पुढे येतं. वेब पानावर त्याला एक छोटा 'लँग' टॅग पुरतो, अँड्रॉइडवर एका ओळीचं काम. टायरो टाइपवर्क्सनं तर मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे देवनागरी फॉन्ट दिलेत, फुकट. म्हणजे ज्यांचा हा धंदा आहे त्यांना हा फरक कळतो. आमच्या गुबगुबीत फॉन्टमध्ये मराठी वळण मुळात काढलेलंच नव्हतं, आणि ते आहे की नाही हे बघायचं असतं, हेच आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. चार इंजिनिअर, दोन डिझायनर, सगळे मराठी शाळेत किमान चौथीपर्यंत गेलेले.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं: देवनागरीच आहे ना, मुलांना दोन्ही यायला हवेत. यायला हवेत, दहाव्या वर्षी. पाचव्या वर्षी मूल अक्षराचा अर्थ लावत नसतं, चित्र ओळखत असतं. शाळेतल्या फळ्यावर एक चित्र आणि फोनवर दुसरं, दोघांचं नाव मात्र ल. मोठ्यांच्या पैशांचं ॲप असतं तर आम्ही रुपयाचं चिन्ह दहा फोनवर तपासलं असतं. इथं कुणीतरी म्हणालं, "मुलांचं आहे, चालतंय की." माझा राग या वाक्यावर आहे.

ल वर भागलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. 'आचाऱ्यांना वाढा' आणि 'आचार्यांना वाढा' यात पानावर बसणारी माणसंच बदलतात. पहिल्यातला अर्धा र सजावटीच्या कितीतरी फॉन्टमध्ये धड उमटत नाही. ॲपमधल्या ॲ च्या जागी चौकोन आलेला मी पाहिलाय. शीर्षकाला हवेशीर दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात, ते इंग्रजीला शोभतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

सगळ्यात मोठं पाप मात्र उड्या मारणाऱ्या अक्षरांचं. शब्दाचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला वेगळी उडी द्यायची, मुलं खूश. मीच लिहिला होता तो कोड. इंग्रजीवर लिहिलेला, मराठीवर तसाच लावला. 'किल्ला' उडी मारायला लागला तेव्हा वेलांटी एकीकडे, क दुसरीकडे आणि वेलांटीच्या पायाशी ठिपक्यांचं वर्तुळ. जोडाक्षराचं तर विचारूच नका. भारतीय लिप्यांमधली जोडाक्षरं एकसंध धरावीत हा नियम युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या नियमांत 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला. पण त्याआधी तो नियम माझ्या आजीलाही माहीत होता. मला विचारायचं सुचलं नाही.

खेळकर फॉन्टच नकोत असं मी म्हणत नाहीये. मुंबईच्या एक टाइपचा 'बलू' मला मनापासून आवडतो, त्यांचाच 'मोदक' तर कमाल आहे. अक्षरं इतकी फुगलेली की आतली पोकळी रेघेएवढी उरते. वाढदिवसाच्या फलकावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो लावा, पोरं बोट फिरवतील. पण तोच घेऊन चाळीस शब्दांची गोष्ट छापलीत तर मुलाला काळे गोळे दिसतील. असे फॉन्ट डिस्प्लेसाठीच काढलेले असतात, चूक काढणाऱ्याची नाही. ज्याला ल म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्यालाच नाचणाऱ्या ल ची गंमत येते. ज्याला अजून ल शिकायचाय त्याच्यासमोर तो स्थिर उभा राहू द्या. ज्याची जगभर टिंगल होते त्या कॉमिक सॅन्सचं बघा. 1994 साली व्हिन्सेंट कोनेरनं काढलेला, कार्टून कुत्र्याच्या तोंडच्या फुग्यात शोभावा म्हणून. त्यातलासुद्धा इंग्रजीचा छोटा 'ए' मुलं हातानं काढतात तसा, साधा एक गोल आणि एक दांडी असाच आहे.

"मग मुलांना बोअर होईल," हे आमच्या डिझायनरचं म्हणणं. मूल कंटाळतं ते गोष्ट रटाळ असली की. वाघ येणार असेल तर अक्षर साधं असलं तरी चालतं.

हे सगळं शहाणपण मला ताईंच्या मेसेजनं आलं असतं तर बरं झालं असतं. आलं ते घरातून. भाची पहिलीत गेली, मामानं बनवलेलं ॲप म्हणून तिला तेच दिलं होतं. दिवाळीत तिची वही बघितली. तिच्या नावात ल आहे. प्रत्येक पानावर तिनं तो दंड देऊन काढला होता आणि प्रत्येक पानावर बाईंनी लाल शाईनं दुरुस्त केला होता. ताई मला म्हणाली, "अरे, हिला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही, काय करू?"

सुट्टीनंतर मी जुनं तिकीट पुन्हा उघडलं. धड्यांच्या पडद्यांवरचा फॉन्ट बदलून घेतला, त्यासाठी तीन बैठका लागल्या. बक्षिसाच्या पडद्यावर 'शाब्बास' मात्र अजून त्याच जुन्या फॉन्टात, हिंदी वळणाचा श घेऊन उड्या मारतंय. तो 'ब्रँडचा भाग' आहे म्हणे. अंगणवाडीताईंना मी माफीचा मेसेज पाठवला. त्यांनी ॲप केव्हाच काढून टाकलं होतं.